तयार पॉवर स्टेशन की स्वतः जोडलेला सोलर संच? दोन्ही वापरून झाल्यावर

उचलून नेता येईल आणि गरज पडेल तसा वाढवता येईल असा सोलर संच करायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक तयार पॉवर स्टेशनची: इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर, बॅटरी सगळं एकाच डब्यात, आणि पुढे हवी तर त्याच कंपनीची जोड-बॅटरी. दुसरी म्हणजे सुटी बॅटरी, सुटा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर) आणि सुटा इन्व्हर्टर घेऊन आपल्या हाताने जोडलेल्या पेट्या. मी आधी पहिल्या वाटेने गेलो आणि काही वर्षांनी दुसरीवर आलो. आज दोन्ही संच माझ्याकडे चालू आहेत. मोजमापाचे तक्ते माझ्याकडे नाहीत, वापरताना जे जाणवलं तेवढंच लिहितोय. तुमची गरज वेगळी असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो.

दोन्हीकडे सेल एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत असं धरतो. लेड-अॅसिडचा विचार इथे करत नाही, कारण निम्मीच क्षमता वापरायची आणि वजन मात्र पूर्ण वाहायचं, हे उचलून न्यायच्या संचाला परवडत नाही.

तयार डब्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पॅनेलची वायर खुपसली, बटण दाबलं, झालं. आतली वायरिंग कारखान्यात झालेली असते, फ्यूज कुठला आणि केबल किती जाड हे ठरवावं लागत नाही. भिंतीतल्या सॉकेटवरून तास-दीड तासात बॅटरी भरणारी यंत्रं आता सर्रास मिळतात. घरात लहान मुलं असतील, किंवा संच वापरणाऱ्यांना वायरिंगशी काही देणंघेणं नसेल, तर ही निश्चिंती फार मोलाची आहे. माझं स्टेशन १ किलोवॅट-तासाचं आहे, वजन १४ किलोच्या आसपास. एका हाताने उचलून गाडीत ठेवता येतं.

पण आपला विषय वाढवण्याचा आहे, आणि तो शब्द जरा उलगडून पाहायला हवा. जोड-बॅटरी लावली की साठा वाढतो. पॅनेलकडून वीज घेण्याची मर्यादा मात्र बहुतेक वेळा तीच राहते. माझ्या स्टेशनची ती मर्यादा २०० वॅट. एकटं स्टेशन भरायला चांगल्या उन्हाचे पाच-सहा तास लागायचे, म्हणजे एक दिवस. जोड-बॅटरी आल्यावर दोन दिवस लागू लागले, मग पॅनेल कितीही आणा. स्वतः जोडलेल्या संचात पॅनेल वाढले की दुसरा छोटा एमपीपीटी आणून त्याच बसबारवर (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती धातूची पट्टी) जोडता येतो. दोन्ही कंट्रोलर आपापल्या पॅनेलचं काम बघतात, एकमेकांशी बोलायचीही गरज पडत नाही. व्होल्टचंही तसंच. १०० वॅटचं साधं पॅनेल उघड्या सर्किटला (काहीही न जोडता) २२ व्होल्टच्या आसपास दाखवतं. दोन सिरीजमध्ये लावली की ४४. थंड पहाटे पॅनेलचे व्होल्ट आणखी चढतात, आणि ५० व्होल्टची मर्यादा असलेल्या डब्याला ते काठावर नेऊन ठेवतात. सुटा कंट्रोलर १०० व्होल्टचा घेतला की ही धाकधूक उरत नाही.

एवढ्यावरून मी वाट बदलली नसती. बदलली ती एका संध्याकाळमुळे.

एका आडजागी मुक्काम होता. अंधार पडताना स्टेशनच्या स्क्रीनवर एक त्रुटी-क्रमांक आला आणि यंत्र बंद पडलं. बटण दाबून धरलं. पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. आत ९२ टक्के चार्ज होता. शेजारी जोड-बॅटरी, तीही भरलेली. तिची वायर काढून सॉकेटवर टॉर्च मारला. वीज नेणाऱ्या दोन जाड पिना, आणि त्यांच्यामध्ये चार बारीक पिना, मुख्य यंत्राशी संवाद साधण्यासाठी. जाड पिनांना मल्टिमीटर लावला तर शून्य. मुख्य यंत्राचा होकार आल्याशिवाय ती बॅटरी दार उघडतच नाही. उघड्या पिनांवर वीज असू नये हा त्यामागचा विचार बरोबरच आहे, पण त्या रात्री दोन किलोवॅट-तास वीज हाताच्या अंतरावर असून आम्हाला एक दिवा लावता आला नाही.

कंपनीने वॉरंटीत मुख्य बोर्ड बदलून दिला, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यासाठी बॅटरीसकट पूर्ण डबा पाठवावा लागला. एवढी मोठी लिथियम बॅटरी वाहतुकीत वर्ग ९ चा धोकादायक माल धरली जाते, साध्या पार्सलने जात नाही. सगळं मिळून पाच आठवडे गेले. तेवढे दिवस धडधाकट जोड-बॅटरी कोपऱ्यात नुसती पडून होती. पुढे तिसरी बॅटरी घ्यायला निघालो तेव्हा कळलं की ते मॉडेल बंद झालंय आणि नव्या बॅटरीचा प्लग वेगळा आहे. वाढवता येतं म्हणून घेतलेली वस्तू दोनच बॅटऱ्यांवर अडली.

हा प्रकार प्रत्येक कंपनीत असाच असेल असं मी म्हणणार नाही. काही जोड-बॅटऱ्या एकट्यानेही थोडी वीज देतात. तयार डबा घेणार असाल तर घेण्याआधी एवढं एकच नक्की विचारा: मुख्य यंत्र बंद असताना या बॅटरीतून मला काय मिळेल?

आता माझ्या पेट्या. एका पेटीत १२.८ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी, तिच्या पॉझिटिव्हला लागूनच क्लास टी फ्यूज (शॉर्ट-सर्किटचा प्रचंड प्रवाहही तोडू शकणारा), आणि बाहेर एक अँडरसन कनेक्टर. दुसऱ्या पेटीत एमपीपीटी, १००० वॅटचा इन्व्हर्टर, शंट (बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा भाग) आणि बसबार. अँडरसन कनेक्टरला नर-मादी भेद नसतो, एकाच आकाराचे आणि रंगाचे कुठलेही दोन एकमेकांत बसतात. त्यामुळे कुठलीही बॅटरी-पेटी कुठल्याही यंत्राला लागते. इन्व्हर्टर गेला तर बॅटरी जिवंत राहते, १२ व्होल्टचे दिवे आणि छोटा फ्रिज थेट तिच्यावर चालतो. कंट्रोलर गेला तर तेवढाच बदलायचा. वजन एकूण वीस किलोच्या घरात, म्हणजे डब्यापेक्षा जास्त, पण दोन हातांत वाटलेलं.

या वाटेची किंमत सतत लक्ष देऊन चुकवावी लागते, हे लपवणार नाही. पहिल्याच मोठ्या प्रवासानंतर इन्व्हर्टर चालू असताना प्लास्टिक तापल्याचा वास आला. गाडीच्या हादऱ्यांनी पॉझिटिव्हचा नट सैल झाला होता आणि लगवरचं (वायरच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं) लाल टोपण तपकिरी पडलं होतं. १००० वॅटचा भार म्हणजे १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या आसपास प्रवाह, तिथे सैल जोड क्षणात तापतो. फ्यूज अशा वेळी उडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. तेव्हापासून प्रत्येक नट टॉर्क पान्याने कसतो आणि नट ते लग अशी पांढऱ्या मार्करची एक सलग रेघ ओढतो. निघण्यापूर्वी पेटी उघडून नुसतं बघायचं. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

दुसरी बॅटरी पॅरलल जोडतानाही घाई चालत नाही. एलएफपीचे व्होल्ट मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतात. दोन्हींवर १३.२ दिसले तरी एक चाळीस टक्क्यांवर आणि दुसरी सत्तरवर असू शकते. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून, थोडा वेळ ठेवून, मगच जोडाव्यात. दोन्हींच्या केबल सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर एकीवर जास्त ताण येतो. याच सपाटपणामुळे नुसत्या व्होल्टमीटरवर विसंबू नका, शंट लावाच. आणि शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नाही, सेलच्या आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि कायमचं नुकसान होतं. तयार डबा हे सगळं स्वतः सांभाळतो. आपल्या पेटीत बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवून गरज पडली तर ती तोडणारं सर्किट) बघून, तसं संरक्षण असलेला घ्यावा लागतो.

१२ व्होल्ट की २४? हे मात्र सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदलणं जिकिरीचं जातं. २४ वर प्रवाह निम्मा आणि त्याच केबलमधला वीजनाश चौथाई होतो. माझा अंदाज असा: १००० वॅटपर्यंत १२ पुरतं, कारण दिवे, पंखे, पंप थेट लागतात. त्याहून मोठा भार डोक्यात असेल तर पहिल्या दिवसापासून २४.

इन्व्हर्टर विनाकारण चालू ठेवू नका, हे दोन्ही वाटांना लागू आहे. माझा रिकामा इन्व्हर्टर १२ वॅट खातो. दिवसभरात २८८ वॅट-तास, म्हणजे १०० एएचच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा काहीही न करता गेला. सुट्या संचात तो वेगळा बंद करता येतो. माझ्या स्टेशनात डीसी सॉकेटला वेगळं बटण आहे, पण भार फारच कमी असला की काही तासांनी ते आपोआप बंद होतं, आणि रात्रभर चालायला हवा असलेला छोटा दिवा पहाटे विझलेला सापडतो.

मग कुणी काय घ्यावं? महिन्यातून एखाद-दोनदा वापर, भार ठरलेला, वाढवण्याचा विचार नुसता मनाच्या एका कोपऱ्यात, तर तयार डबा घ्या आणि वापरा. पण आज एक बॅटरी, पुढच्या वर्षी दुसरी, मग आणखी पॅनेल असा खरोखरचा बेत असेल आणि लग क्रिम्प करायला, म्हणजे वायरवर दाबून बसवायला, हात धजावत असेल, तर मी पेट्यांकडेच झुकेन. सुरुवात एकाच बॅटरीने करा, पण बसबार आणि बसबार ते इन्व्हर्टरची केबल पहिल्यापासून मोठ्या भाराच्या हिशोबाने घ्या.

आधीच स्टेशन घेतलं असेल तर ते मोडीत काढायची गरज नाही. माझं स्टेशन आता बॅटरी-पेटीवर चार्ज होतं, तिची वायर त्याच्या सोलर सॉकेटला लावून. ते सॉकेट १२ व्होल्टपासून पुढे चालतं आणि ८ अँपिअरपर्यंत ओढतं, म्हणजे १०० वॅटच्या आसपास मिळतात. वेग कमी आहे, पण रात्रभर लावून ठेवलं की सकाळी स्टेशन बऱ्यापैकी भरलेलं असतं, आणि दिवसा पॅनेल पुन्हा पेटी भरायला मोकळं. वायरमध्ये फ्यूज टाकायला आणि जोडण्यापूर्वी सॉकेटवर छापलेली व्होल्टची मर्यादा वाचायला विसरू नका.