वॉशिंग सेंटरचं ‘कम्प्लीट पॅकेज’: पंप जोरात, गाड्या रांगेत

वॉशिंग सेंटर टाकायचं म्हटलं की विक्रेता एक ठरलेली यादी पुढे करतो. 3 एचपी मोटरवरचा तीन पिस्टनचा पंप, 80 लिटरची फोम टाकी, 2 एचपी कॉम्प्रेसर, दोन मोटरचा 60 लिटरचा व्हॅक्यूम, दोन गन, होस पाइप, आणि खिशाला झेपत असेल तर सिंगल पोस्ट लिफ्ट (एका खांबावर गाडी उचलणारी). हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नसून या अख्ख्या पॅकेजचं आहे, कारण स्टिकर वेगळे असले तरी माल बहुतेक एकाच धाटणीचा असतो. कसोटी एकच लावली आहे. दोन बे (गाडी उभी करून धुवायच्या जागा), चार माणसं आणि दिवसाला 20-25 गाड्या असलेल्या सेंटरमध्ये गाडी आत आल्यापासून चावी परत जाईपर्यंतचा वेळ या सामानामुळे खरंच कमी होतो का?

सुरुवात पंपापासून, कारण विक्रेताही तिथूनच करतो. तीन पिस्टनचा पंप मिनिटाला साधारण 22 लिटर पाणी 40 किलो, म्हणजे साधारण 40 बार, प्रेशरनं फेकतो. बारमधला दाब गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले 600, की लागणारे किलोवॅट मिळतात: 40 गुणिले 22 म्हणजे दीड किलोवॅटच्या जरा खाली. घर्षणात जाणारं धरलं तर अडीच एचपी. म्हणून 3 एचपीची मोटर बरोबर आहे. ‘याच मोटरवर 100 किलो प्रेशर’ असं कुणी सांगत असेल तर पाणी मिनिटाला 10-11 लिटरवर आलेलंच असणार. चिखल पाण्याच्या मात्रेनं निघतो, नुसत्या टोचणाऱ्या धारेनं नाही. पावसाळ्यात घाटातून उतरलेल्या गाडीचं मडगार्ड धुताना हा फरक लगेच कळतो. तेव्हा 22 लिटर, 40 किलो हे माप चांगलं आहे. पंपाला पूर्ण गुण.

गुण कापायचे ते जोडणीचे. मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची असते आणि पंप 800-900 फेऱ्यांवर चालवायचा असतो. मोटरवर 3 इंची पुली असेल तर पंपावर 5 इंची हवी, म्हणजे 864 फेरे होतात. दुकानात शिल्लक होती म्हणून 4 इंची लावून दिली की पंप 1080 फेऱ्यांवर पळतो. पहिले काही दिवस प्रेशर जबरदस्त वाटतं, मग पॅकिंग (पिस्टनभोवतीचे सील) जळतात आणि पिस्टनच्या मागून पाणी ठिबकायला लागतं. डिलिव्हरी घेतानाच दोन्ही पुल्या मोजाव्यात. ग्रीस कप असलेल्या पंपात दर दोन-तीन तासांनी कपाला एक-दोन फेरे द्यायचे. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवलं नाही तर ते होत नाही. पहिलं ऑइल 50 तासांनी बदलावं. ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं, मग नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही.

गन धडधडते, धार तुटक येते, ही तक्रार सगळ्यात जास्त. दहापैकी आठ वेळा दोष पंपात नसतो, पंप सक्शनला, म्हणजे पाणी खेचायच्या बाजूला, हवा ओढतोय. पंप टाकीच्या वर ठेवलेला असतो, सक्शनचा पाइप मऊ आणि अर्ध्या इंचाचा असतो, किंवा क्लिप सैल असते. पाण्याची टाकी दोन फुटी कट्ट्यावर ठेवावी, सक्शन एक इंची कडक पाइपचा घ्यावा, तोंडाशी गाळणी लावावी आणि ती रोज सकाळी उघडून धुवावी. गन बंद केल्यावर रेग्युलेटरमधून (दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत येणारं पाणी टाकीतच सोडावं. ते सक्शनच्या पाइपला जोडून टाकलं की तेच पाणी गरगर फिरत तापतं आणि पॅकिंग वेळेआधी जातात.

नोझलकडे कुणी पाहत नाही. छिद्र झिजून त्याचं क्षेत्रफळ 20 टक्के वाढलं तर तेवढ्याच पाण्यावर दाब सुमारे 30 टक्के उतरतो. मग रेग्युलेटर आवळला जातो, पट्टा घसरतो, मेकॅनिक बोलावला जातो आणि बिघाड असतो अंगठ्याएवढ्या पितळी तुकड्यात. बॉडीला 25 किंवा 40 अंशांची पसरट धार वापरावी आणि गन फूटभर लांब धरावी. पॅकेजमधल्या गनची फिरवून सरळ होणारी धार रंगाच्या टवक्यांवर, पार्किंग सेन्सरवर आणि जुन्या रबर बीडिंगवर मारू नये. टवका उडाला की भांडण ग्राहकाशी आहे, पंपवाल्याशी नाही.

आता मूळ प्रश्न. एका गाडीचं गणित मांडू. पहिलं पाणी 3 मिनिटं, फोम मारायला 3, फोम मुरायला 4, हातानं घासणं 6, शेवटचं पाणी 3. झाली 19, गाडी आत-बाहेर करायला 2, म्हणजे ओला बे 21 मिनिटं अडतो. यात पंप चालतो जेमतेम 6 मिनिटं. दुप्पट क्षमतेचा पंप आणला तरी वाचणार 3 मिनिटं. पुढचं कोरडं काम, म्हणजे व्हॅक्यूम, डॅशबोर्ड, काचा, पुसणं, टायर पॉलिश, दोघांनी मिळून केलं तर आणखी 18 मिनिटं. बहुतेक ठिकाणी दोन माणसांची जोडी गाडीला चिकटते ती शेवटपर्यंत, आणि हे सगळं त्याच बेमध्ये होतं. म्हणजे 39 मिनिटं दोघं अडकले, 78 माणूस-मिनिटं गेली. पण गन एकाच्याच हातात असते. दुसरा उभा असतो, फोम मुरताना तर दोघंही उभे असतात. खरं काम मोजलं तर ओल्या भागात 21 माणूस-मिनिटं, कोरड्यात 32, हलवाहलवीला 2, एकूण 55. उरलेली 23 मिनिटं उभं राहण्याची.

म्हणून दोन्ही बेमध्ये पंपाची लाइन टाकून दोन गन देण्याचा पॅकेजमधला आग्रह या आकाराच्या सेंटरला लागू नाही. दोन्ही गन एकदम उघडल्या की 22 लिटर वाटले जातात आणि दोन्हीकडे प्रेशर बसतं. त्यापेक्षा एक बे ओला, एक कोरडा. ओल्यात 21 मिनिटांना एक, म्हणजे 10 तासांत 28 गाड्या बसतात, 25 चं लक्ष्य आरामात. ओल्या बेमध्ये एक माणूस गनवर कायम, दुसरा फक्त घासायच्या 6 मिनिटांपुरता येतो. फोम मुरतोय त्या 4 मिनिटांत गनवाला ब्रशनं चाकं घासून घेतो. व्हॅक्यूम गाडी भिजण्याआधीच, रांगेत उभी असतानाच करून घ्यावा: मॅट बाहेर, सीटखालचं कोरडं निघालं की ग्राहकालाही काम सुरू झाल्याचं दिसतं. भिजल्यानंतर दार उघडून व्हॅक्यूम केला की दाराच्या कडेचं पाणी आत ओघळतं आणि तेच काम दोनदा करावं लागतं. रविवारी सकाळी 9 ते 1 मध्ये मात्र एका ओल्या बेमधून 11 गाड्याच निघतात. तेवढ्या वेळापुरती तीच गन आळीपाळीनं दुसऱ्या बेमध्येही वापरावी आणि पुसण्याचं काम शेडबाहेर सावलीत न्यावं. सावली महत्त्वाची, उन्हात पाणी वाळलं की डाग पडतात.

फोम टाकी चांगली वस्तू आहे, पण बारकावे सांगून कुणी देत नाही. 80 लिटरच्या टाकीत 50 लिटरच द्रावण भरायचं, वर हवेला जागा हवी. बाटलीवर 1:100 असेल तर 50 लिटरला अर्धा लिटर शॅम्पू, मापानं. अंदाजानं ओतलं की फेस दाट दिसतो, धुवायला मात्र पाणी दुप्पट लागतं. गाडीला दोन-तीन लिटर द्रावण पुरतं, म्हणजे एक भरणी जवळपास दिवसभर चालते. हवा 4-6 किलो. सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली टाकी घेऊच नये, आणि आतला दाब शून्य झाल्याशिवाय झाकण सैल करू नये. तापलेल्या बॉनेटवर फोम मारला तर तो मुरण्याऐवजी वाळतो, म्हणून आधी साधं पाणी. रात्री लाइनमध्ये शॅम्पू राहिला की जाळी तुंबते. बंद करताना दोन मिनिटं साधं पाणी सोडावं.

2 एचपी कॉम्प्रेसर हा पॅकेजमधला खरा कच्चा दुवा. एकटा फोम चालवायला तो भरपूर झाला. पण कोरड्या बेमध्ये आरसे-हँडलमधलं पाणी उडवायला एअर गन चालू झाली की फोमचा दाब उतरतो, आणि त्यात लिफ्ट वर न्यायची असेल तर टाकीतली बरीचशी हवा तिथेच जाते. तिन्ही एकदम चालणार नाहीत, हे विक्रेता सांगत नाही. फोम टाकीला स्वतंत्र रेग्युलेटर आणि नॉनरिटर्न (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावला तर निदान फोम तरी थांबत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज खालच्या कॉकमधून काढावं. पावसाळ्यात दोनदा.

लिफ्ट? छोट्या सेंटरला नको. खड्डा, काँक्रीट, हवा, आणि खालून धुताना बे आणखी दहा मिनिटं अडणार. बॉडीवॉशच्या गिऱ्हाइकाला त्याची गरज नसते. लाल मातीच्या पट्ट्यात अंडरबॉडीची मागणी खरी आहे, तिथे काँक्रीटचा उतरता रॅम्प किंवा लांब दांड्याची वाकडी गन भागवते. लिफ्टबरोबर येणारी डिझेल फवारणीची सवय तर सोडूनच द्यावी: डिझेलनं रबर बुश फुगतात आणि सांडपाण्याचा सगळा खेळ बिघडतो.

तो खेळ असा. गाडीला 130 लिटर धरलं तर 25 गाड्यांना सव्वातीन हजार लिटर, मॅट आणि बादल्या धरून साडेतीन हजार. 10,000 लिटरचा टँकर तीन दिवसांनाही पुरत नाही. पॅकेजमध्ये या पाण्याचं पुढे काय करायचं याबद्दल अवाक्षर नसतं. तीन कप्प्यांचा हौद बांधावा: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि तिसऱ्याकडे जाणारा पाइप पाण्याखाली बुडालेल्या एल्बोमधून (वाकड्या जोडातून) न्यायचा, म्हणजे तेल मागेच राहतं. शॅम्पू आणि डिझेल एकत्र आले की तेलाचं दूध होतं, ते तरंगत नाही आणि हौद निकामी. तिसऱ्या कप्प्यातलं पाणी पहिल्या धारेला, चाकांना आणि मडगार्डला वापरावं, काचांना आणि शेवटच्या पाण्याला नाही. पहिला कप्पा फावड्यानं उपसता येईल एवढा रुंद ठेवावा. नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची केंद्रीय मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचं काम जागा भाड्यानं घेण्याआधीच विचारून घ्यावं. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली, दंड 5,000 रुपये. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आपल्या शहरांनी ते लक्षात ठेवलेलं बरं.

बोअरचं पाणी असेल तर पांढरे ठिपके पडणारच. सॉफ्टनर बसवून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) उतरेल या भरवशावर पैसे घालणारे बरेच आहेत. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालतो, टीडीएस तसाच राहतो, फक्त डाग सहज पुसले जातात. ठिपकेच नको असतील तर शेवटच्या 8-10 लिटरपुरतं आरओचं पाणी पुरे. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी चाकांना वापरता येतं.

व्हॅक्यूमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन मोटरचा चांगलाच ओढतो. ओलं ओढल्यावर कापडी फिल्टर न वाळवता पुन्हा कोरड्याला लावला की धूळ चिकटून ओढ बसते. दोन फिल्टर ठेवावेत.

वायरिंग मात्र पॅकेजमध्ये नसतं आणि तेच जिवावर बेततं. सिंगल फेजवर 3 एचपी मोटर चालताना 15 अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्टार्टर, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) यांवर घासाघीस नको. पंप आणि व्हॅक्यूमला वेगळी लाइन. ओल्या फरशीवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढत नेणारं सेंटर दिसलं तर ग्राहकानंही गाडी वळवावी.

मग पैसे कुठे घालायचे? पंप, फोम टाकी, व्हॅक्यूम घ्यावेत. लिफ्ट आणि दुसरी गन वगळावी. वाचलेल्या रकमेतून हौद, सावलीची शेड, छताला अडकवलेली फिरकीची होस, आणि मॅट वाळवायचा रॅक. होस जमिनीवर असेल तर ती चाकाखाली येते आणि माणसं दिवसभर ती सोडवत बसतात. मॅट हा तर छुपा अडथळा आहे, गाडी तयार आणि मॅट ओले. म्हणून मॅट सगळ्यात आधी धुवायचे, उभे टांगायचे, आणि चावीच्या हुकाचाच नंबर मॅटच्या चिमट्याला. काळे मॅट सगळे सारखेच दिसतात आणि ते बदलून गेल्याचं ग्राहकाला घरी पोचल्यावरच कळतं. फडकी 300-400 जीएसएमची (चौरस मीटरला एवढे ग्रॅम) मायक्रोफायबर, काच, बॉडी आणि चाकांसाठी तीन वेगळे रंग. जमिनीवर पडलेलं फडकं बॉडीला परत लागता कामा नये, त्यातला वाळूचा एक कण बॉनेटवर गोल ओरखडे काढतो.

खंडेनवमीच्या आदल्या दोन दिवसांत पूजेसाठी गाड्यांची जी झुंबड उडते, तिच्यासाठी पंपाचा एक पॅकिंग सेट, दोन नोझल आणि एक पट्टा आधीच आणून ठेवावा. त्या दिवशी बाजारात मेकॅनिक मिळत नाही, तोही स्वतःच्या हत्यारांची पूजा मांडत असतो.