सोलापुरातील जुन्या लष्करी पदकांचे दुकान : कोरे घ्यावे की वापरलेले?

मंगळवार पेठेच्या परिसरातील जुन्या नाण्यांच्या या छोट्या दुकानात लष्करी पदकांसाठी वेगळे कपाट आहे आणि दुकानदार प्रत्येक पदकाच्या कडेवरचे नाव स्वतः वाचून दाखवतात, एवढ्या एका कारणासाठीही हे दुकान या छंदातील माणसाने पाहावे असे आहे. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल, त्याच्या जोडीने मिळालेले ब्राँझचे व्हिक्टरी मेडल, दुसऱ्या महायुद्धातील बर्मा स्टार आणि आफ्रिका स्टार, त्याचप्रमाणे स्वातंत्र्यानंतरची सैन्य सेवा मेडल, रक्षा मेडल आणि संग्राम मेडल येथे पाहायला मिळतात. माल अस्सल वाटतो, दुकानदार घाई करत नाहीत आणि भिंग मागण्याआधीच हातात देतात. माझा मतभेद आहे तो त्यांच्या दर ठरवण्याच्या पद्धतीशी.

येथे पदकांना नाण्यांचीच प्रतवारी लावली जाते. राजाच्या दाढीचे केस स्पष्ट दिसत असतील, मूळ चकाकी टिकली असेल आणि कुठे ओरखडा नसेल तर दर सर्वांत चढा, आणि झीज वाढत जाईल तसा दर उतरत जातो. नाण्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे, कारण एका टाकसाळीतून एका वर्षी निघालेली दोन नाणी एकमेकांहून वेगळी ठरतात ती केवळ त्यांच्या अवस्थेमुळे. पदकाचे तसे नसते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीत सुमारे ६५ लाख लोकांना दिले गेले, तरी प्रत्येकाच्या कडेवर एकाच माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते; त्यामुळे पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कूतच्या वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० किंवा ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीतील शिपायाचे झिजलेले पदक हे माझ्या मते कारकुनी सेवेसाठी मिळालेल्या लखलखीत पदकापेक्षा अधिक मोलाचे आहे. दुकानातील चिठ्ठ्यांवरचे दर मात्र नेमके याच्या उलट सांगतात, आणि जाणकार ग्राहकाच्या दृष्टीने तोच या दुकानाचा मोठा लाभ आहे.

झीज कशामुळे झाली, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. छातीवर ओळीने टाचलेली पदके चालताना एकमेकांवर आदळतात आणि शेजारी ताऱ्याच्या आकाराचे टोकदार पदक असेल तर मऊ चांदीवर बारीक खड्डे पडतात. पट्टीवर पक्क्या बसवलेल्या पदकाची मागची बाजू गणवेशाकडे राहते, म्हणून समोरचा मुखवटा झिजलेला आणि मागची बाजू त्या मानाने ताजी असणे हे प्रामाणिक वापराचे चांगले लक्षण होय. याउलट दोन्ही बाजू आणि कड सारखीच गुळगुळीत झाली असेल, अक्षरांच्या धारा बोथट झाल्या असतील, तर ते घासण्याचे काम समजावे. यातही मी भेद करतो. संचलनाच्या आदल्या रात्री जवानाने स्वतः पदक घासले, किंवा घरी देवाच्या भांड्यांबरोबर ते चिंच लावून उजळले गेले, तर तोही त्या पदकाच्या आयुष्याचाच भाग आहे; परंतु विक्रीसाठी यंत्रावर चकचकीत केलेले पदक मी घेणार नाही. दुकानाच्या दर्शनी ट्रेमध्ये अशी काही पदके ठेवलेली आहेत. आतल्या खणातील काळवंडलेली पदके दाखवावीत, अशी विनंती करावी. खरा संग्रह तेथे आहे.

कोऱ्या पदकांविषयी माझा आकस नाही. महायुद्धांची पदके युद्ध संपल्यावर वाटली गेली आणि जे परतलेच नाहीत त्यांची पदके वारसांकडे गेली. ती कोणी छातीवर लावली नाहीत, म्हणून ती तशीच राहिली. अशा कोरेपणाला अर्थ असतो, आणि सोबत मूळ डबी, पाकीट किंवा कागद असेल तर चढा दर मी आनंदाने देईन. मात्र कडेवर नाव नाही, सोबत कागद नाही आणि केवळ चकाकी आहे, असे पदक घेताना थांबावे. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न घालताच दिली गेली होती, त्यामुळे नाव नसणे हा स्वतःहून बनावटीचा पुरावा ठरत नाही. पण अशा नगाला सैनिकाशी जोडणारे काहीच उरत नाही. जुने नाव खरवडून नवे नाव कोरलेली पदकेही बाजारात फिरतात. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि कड खरवडली की तो घटतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यावा आणि उभे-आडवे दोन्ही माप घ्यावे.

साठवणुकीत दुकानाने सुधारणा करायला हवी. पदके मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेली आहेत आणि सोलापुरी उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, असे प्लास्टिक लवकर विघटित होऊन तांबे असलेल्या धातूवर हिरवा चिकट थर चढवते. खरेदीनंतर पदक लगेच आम्लरहित कागदात हलवावे. मळलेली रिबन काढून नवी लावून देण्याची येथे पद्धत आहे. ती नाकारावी आणि जुनी रिबन, अगदी विरलेली असली तरी, मागून घ्यावी.

पावती येथे न मागता मिळते. तिच्यावर कडेवरचा क्रमांक, नाव, पलटण आणि दिसणारे दोष लिहून घ्यावेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता ती मर्यादा ओलांडलेली असल्याने, ती घेण्यापूर्वी दुकानदारांना परवान्याविषयी थेट विचारावे.