शिकणाऱ्यांसाठी घडवलेला शब्दकोश: लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लिहिलेला कोश शिकणाऱ्याच्या हाती दिला, की सोप्या शब्दाचे स्पष्टीकरण त्याहून अवघड शब्दांत वाचण्याची पाळी त्याच्यावर येते. लाँगमनच्या या कोशाने १९७८ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून या अडचणीवर नेमका उपाय योजला: सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी ठरवून घ्यायची आणि सगळे अर्थ शक्यतो त्याच शब्दांत सांगायचे. 'रिलक्टंट' या शब्दाचा अर्थ 'स्लो' आणि 'अनविलिंग' एवढ्या दोन शब्दांत उरकलेला पाहिला, म्हणजे या शिस्तीमागे किती मेहनत आहे याची कल्पना येते.

रोजच्या बोलण्यातली क्रियापदे हा या कोशाचा सर्वांत भक्कम भाग आहे, असे माझे मत आहे. 'पुट अप विथ' म्हणजे नुसते सहन करणे नव्हे. न आवडणारी परिस्थिती किंवा व्यक्ती तक्रार न करता चालवून घेणे, ही छटा येथे अर्थामध्येच गोवलेली आहे. 'लुक फॉरवर्ड टू' या नोंदीत पुढे नाम येते किंवा 'डूइंग'सारखे रूप येते, हे ठळक अक्षरांत दिलेले असल्यामुळे 'टू मीट' लिहावे की 'टू मीटिंग' हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. व्याकरणाचा नियम पाठ करण्यापेक्षा अशी रचना डोळ्यांसमोर असणे कितीतरी अधिक उपयोगी पडते, आणि शिकवणाऱ्यांनीही विद्यार्थ्यांना नोंदीतला हा भाग आवर्जून वाचायला लावावा.

शब्दापुढच्या एस आणि डब्ल्यू या खुणाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. बोलण्यात (एस) व लेखनात (डब्ल्यू) सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हजारांत तो शब्द मोडतो का, हे त्यांवरून कळते आणि आधी काय शिकायचे ते ठरवता येते. संकेतस्थळावर हा कोश मोफत पाहता येतो. तेथे ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकण्याचीही सोय आहे.

मर्यादित शब्दसंग्रहाची किंमत मात्र काही ठिकाणी मोजावी लागते. झाडे, पक्षी, अवजारे यांची वर्णने इतकी सर्वसाधारण होतात की चित्राशिवाय ती वस्तू ओळखता येत नाही. वाक्प्रचार मुख्य शब्दाखाली ठेवलेले असल्याने 'बाय द वे' शोधताना 'वे'ची लांबलचक नोंद चाळावी लागते. सुरुवातीच्या पायरीवरचा वाचक तेथे गोंधळतो. कोणता वाक्प्रचार मित्राशी चालतो आणि कोणता वरिष्ठांशी चालत नाही, हे 'इन्फॉर्मल' अशा एका शब्दावर सोडून देणेही मला अपुरे वाटते.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या सहकार्याने कॉलिन्सने १९८७ साली काढलेल्या कोबिल्ड कोशाने वेगळी वाट धरली. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात, म्हणजे 'तुम्ही एखादी गोष्ट अशी केली, तर' अशा धाटणीने येतो, त्यामुळे शब्द कोणाच्या संदर्भात आणि कशाबरोबर वापरायचा हे अर्थ वाचतानाच समजते. वाक्ये लांबतात हे खरे, पण क्रियापदांच्या बाबतीत ती लांबी सार्थकी लागते. म्हणून अर्थ चटकन समजून घ्यायचा असेल तर लाँगमन उघडावा, आणि तो शब्द स्वतःच्या लेखनात प्रथमच वापरायचा असेल तर कोबिल्डमधली नोंदही वाचून घ्यावी.