पहिलं आरसी हेलिकॉप्टर घेताय? आधी शेपटीचा पंखा बघा

ऑनलाइन दुकानात ‘रिमोट कंट्रोल हेलिकॉप्टर’ असं टाकलं की पन्नास फोटो समोर येतात आणि सगळी हेलिकॉप्टरं भावंडंच वाटतात. वर्णन वाचून काही कळत नाही, कारण सगळ्यांतच ‘गायरो’ (तोल सांभाळणारा सेन्सर), सगळीच ‘प्रो’, सगळीच ‘नवशिक्यांसाठी उत्तम’. म्हणून वर्णन सोडा, फोटो मोठा करा आणि शेपटीचं टोक बघा. तिथला छोटा पंखा आभाळाकडे तोंड करून, ताटात वाटी ठेवावी तसा आडवा बसवलेला असेल, तर ते तीन चॅनलचं, म्हणजे रिमोटवरून तीनच प्रकारच्या हालचाली सांगता येणारं, खेळणं आहे. पंखा बाजूला तोंड करून उभा असेल आणि वर एकच रोटर (मोठ्या पात्यांचा मुख्य पंखा) असेल, तर पुढचं वर्णन वाचायला हरकत नाही.

आडव्या पंख्याच्या जातीतलं सगळ्यात माहितीतलं नाव म्हणजे सायमा एस107जी. एकावर एक दोन रोटर, उलटसुलट दिशेला फिरणारे. वरचा रोटर अंगाला ज्या दिशेला फिरवू बघतो, खालचा त्याच्या उलट. त्यामुळे अंग गरगरत नाही आणि शेपटीच्या पंख्याला ते काम उरतच नाही. तो फक्त शेपूट वर-खाली करून हेलिकॉप्टर पुढे-मागे ढकलतो. वर फ्लायबार, म्हणजे टोकांना वजनं लावलेला दांडाही असतो, त्यामुळे उडताना काही केलं नाही तरी ते हवेत शांत तरंगतं. 150 एमएएचची बॅटरी आतच बसवलेली, चार्जिंगला 40 ते 50 मिनिटं आणि उड्डाण सात-आठ मिनिटं. सांगाडा धातूचा असल्याने पडून-आपटूनही टिकतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला द्यायचं तर बिनधास्त द्या.

पण हेलिकॉप्टर उडवायला शिकायचं असेल तर देऊ नका. एक तर रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, टीव्हीच्या रिमोटसारखा. गच्चीवर उन्हात नेलं की संपर्क तुटतो. दुसरं, ते आडवं सरकत नाही. वाऱ्याने डावीकडे ढकललं तर उजवीकडे ये म्हणायला बटणच नाही. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि तीच सगळ्यात नडते: या रिमोटवर वळायचं काम उजव्या अंगठ्याकडे असतं. खऱ्या चार चॅनलच्या हेलिकॉप्टरमध्ये, मोड 2 च्या, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर) डाव्या हाताला असलेल्या रिमोटवर, वळणं डाव्या अंगठ्याकडे जातं आणि उजव्याकडे पुढे-मागे-आडवं सरकणं येतं. तीन महिने एस107जी उडवून बसलेला हात चार चॅनलवर गेला की गडबडीत उजवा अंगठा दाबतो आणि हेलिकॉप्टर वळायच्या ऐवजी थेट भिंतीत जातं.

आता उभ्या पंख्याकडे. पहिलं हेलिकॉप्टर म्हणून आमचं मत सरळ डब्ल्यूएलटॉइज व्ही911एस या जातीला. चार चॅनल, 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट, एकच मुख्य रोटर, फ्लायबार नाही, सहा अक्षांचा गायरो, 3.7 व्होल्टची 250 एमएएच बॅटरी. यातली पाती ‘फिक्स्ड पिच’ची, म्हणजे त्यांचा एकत्रित कोन बदलत नाही. वर जायचं तर रोटर जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. त्यामुळे थ्रॉटल दिल्यावर प्रतिसाद किंचित उशिरा येतो आणि नवा माणूस तेवढ्यात घाबरून आणखी देतो. हा उशीर अंगात भिनवणं हाच पहिल्या आठवड्याचा अभ्यास. शेपटीला स्वतंत्र छोटी मोटर असते. गायरो तिचा वेग सतत कमी-जास्त करून नाक सरळ धरतो. हवेत ते अगदी किंचित एका कुशीवर कललेलं दिसेल. तो दोष समजू नका. शेपटीचा पंखा सगळ्या अंगाला एका बाजूला ढकलत असतो, त्याला उत्तर म्हणून ते कलतं.

व्ही911एसची खरी ताकद तिच्या हलकेपणात आहे. छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर पडलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण आपटायला वजनच नाही. याच हलकेपणामुळे वाऱ्यात मात्र ते पतंगासारखं वाहून जातं. झाडाचं पान हलत असेल तर घरात उडवा. रिमोट मंद ठेवायची सोय आहे. पहिला महिनाभर मंदच ठेवा.

याच गटात दुसरी एक जात आहे, आरसी एराच्या सी186 सारखी, खऱ्या बीओ-105 हेलिकॉप्टरच्या रूपातली. दिसायला देखणी. बॅरोमीटर हवेचा दाब मोजून उंची आपोआप धरतं, एका बटणावर ते उडतं, एका बटणावर उतरतं, आणि एका बॅटरीत व्ही911एसपेक्षा बराच जास्त वेळ हवेत राहतं. घरी चार जणांना दाखवायचं तर हेच घ्या. फक्त यात रिमोटची डावी काठी स्प्रिंगने मधोमध परत येते आणि उंची यंत्रच सांभाळतं, त्यामुळे डावा हात काहीच शिकत नाही. दार धाडकन उघडलं, एसी सुरू झाला की दाब बदलतो आणि ते उगाच वर-खाली डुलतं, तेही तुम्ही काही न करता. पुढे मोठ्या हेलिकॉप्टरकडे जायचा विचार नसेल तर ही तक्रार गैरलागू आहे.

तिसरी पायरी कलेक्टिव्ह पिचची. यात रोटरचा वेग जवळजवळ ठरलेला राहतो आणि पात्यांचा कोन बदलून वर-खाली जाता येतं, उलटंही उडता येतं. एक्सके के110 हे त्यातलं स्वस्तातलं आणि चांगलं उदाहरण. मुख्य मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), 6जी मोडमध्ये काठी सोडली की सरळ होतं, 3डी मोडमध्ये होत नाही. फुताबा कंपनीच्या एस-एफएचएसएस या रेडिओ पद्धतीच्या रिमोटशी जोडता येतं, ही मोठी सोय. मेख पुन्हा शेपटीतच आहे. मुख्य मोटर ब्रशलेस असली तरी शेपटीची मोटर साधी ब्रशवाली, आणि ती झिजते. लागोपाठ तीन बॅटऱ्या उडवल्या की बोट टेकवत नाही इतकी तापते. दोन उड्डाणांच्या मधे दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि के110 घेतानाच एक-दोन शेपटीच्या मोटरी मागवून ठेवा. ओएमपी हॉबीच्या एम2 मध्ये शेपटीला थेट ब्रशलेस मोटर असल्याने हा त्रास नाही, पण ते साधारण 300 ग्रॅमचं, तीन सेलच्या बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. पहिलं म्हणून नको.

आणि 450 या मोठ्या वर्गाचं, अलाइन टी-रेक्स 450 सारखं, ‘एकदाच काय ते चांगलं घेऊ’ म्हणून घेणारे भेटतात. घेऊ नये. पाती 325 मिलिमीटरची, रोटर मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. त्या वेगात पात्याची टोकं ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातात. जोडणी, सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी), गायरो यांची मांडणी स्वतः करावी लागते. एक साधं आपटणं म्हणजे पाती, मुख्य शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (मुख्य पाती धरणारा आडवा दांडा), गिअर आणि बहुधा शेपटीची नळीसुद्धा. शिकलेल्याच्या हातातच ते शोभतं.

ऑर्डर देताना रिमोट ‘मोड 2’ आहे ना ते पाहा. मोड 2 म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. सोबत सुटे भाग त्याच वेळी मागवा, नंतर मागवू म्हटलं की तीन आठवडे पंखा मोडलेलं हेलिकॉप्टर कपाटावर पडून राहतं. व्ही911एससाठी मुख्य पात्यांच्या दोन जोड्या, शेपटीचा पंखा दोन, मोटरसकट शेपटीची नळी एक, मुख्य गिअर एक. बॅटऱ्या किमान चार. हिशोब सोपा आहे: उड्डाण पाच-सहा मिनिटांचं, चार्जिंग पाऊण-एक तासाचं. एकाच बॅटरीवर शिकणारा माणूस रविवारभर चार्जरकडे बघत बसतो.

हात आणि खिसा दोन्ही परवानगी देत असतील तर बॉक्समधला रिमोट बाजूला ठेवून रेडिओमास्टरसारखा वेगळा रिमोट घ्या, मात्र 4-इन-1 मॉड्यूलवाला, म्हणजे अनेक कंपन्यांच्या रेडिओ पद्धतींवर चालणारा. त्याच रिमोटचा ईएलआरएस या वेगळ्या रेडिओ पद्धतीचा प्रकार दिसायला अगदी तसाच असतो, पण त्यावर व्ही911एसही जोडलं जात नाही आणि के110ही नाही. 4-इन-1 वर दोन्ही चालतात. शिवाय तोच रिमोट यूएसबी वायरने कॉम्प्युटरला लावून हेली-एक्स किंवा रिअलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरवर सराव करता येतो. तिथे शंभर वेळा आपटलं तरी खर्च शून्य.

पहिली बॅटरी. टीपॉय बाजूला करा, डोक्यावरचा पंखा बंद करा, खिडक्या लावा. गालिच्यावरून उडवू नका, त्यात पाय अडकून ते कलंडतं. गुळगुळीत फरशी बरी. रिमोट आधी चालू, थ्रॉटल पूर्ण खाली, मग हेलिकॉप्टर सपाट जागेवर ठेवून बॅटरी जोडा आणि हात काढून पाच सेकंद थांबा. तेवढ्यात गायरो ‘सपाट म्हणजे काय’ ते ठरवतो. गादीवर ठेवून किंवा हातात धरून चालू केलं तर त्याची समजूतच तिरकी होते आणि मग ते सारखं एकाच बाजूला पळतं. लोक ट्रिमची (रिमोटवरची बारीक दुरुस्तीची) बटणं दाबून दाबून थकतात.

हेलिकॉप्टरच्या मागे दोन मीटरवर उभे राहा, शेपूट तुमच्याकडे. आणि इथे सगळे जण एकच चूक करतात: भीतीने चार बोटं उंचीवरच ठेवतात. तिथे पात्यांची हवा फरशीवर आपटून परत वर येते आणि ते बर्फावर ठेवल्यासारखं घसरतं. ठामपणे गुडघ्याच्या वर न्या, तिथे शांत होतं. भिंतीपासून मीटरभर लांब ठेवा, भिंतीजवळची हवा त्याला ओढून घेते. काठी दाबून धरायची नाही, टिचकी मारायची आणि सोडायची. शेपूट आपल्याकडे ठेवून एक अख्खी बॅटरी एका जागी धरता आली की मग कूस आपल्याकडे, आणि सगळ्यात शेवटी नाक आपल्याकडे. नाक समोर आलं की डावं-उजवं उलटं होतं.

काहीही बिघडतंय असं वाटलं, तर आधी थ्रॉटल शून्य. सोफ्यात घुसलेल्या हेलिकॉप्टरला जोर देऊन बाहेर काढायला जाऊ नका. पातं अडकलेलं असताना मोटरमधून सगळ्यात जास्त प्रवाह जातो, मोटर किंवा सर्किट बोर्डवरचा तिचा स्विच जळतो. पुढच्या वेळी बॅटरी जोडताच थ्रॉटल न देता रोटर फिरायला लागला, तर समजा स्विच गेला. लगेच बॅटरी काढा, बोर्ड बदलावा लागेल.

बाकी दुखणी ठरलेली असतात. हेलिकॉप्टर हळूहळू एकाच दिशेला गरगरायला लागलं की मोटर बदलायच्या आधी भिंग घेऊन शेपटीच्या पंख्यामागे बघा. फरशीवरचा लांब केस त्या बारीक शाफ्टवर सुतासारखा गुंडाळलेला असतो, पंखा ओढून काढल्याशिवाय दिसत नाही. सुईने उचला, चिमट्याने ओढा. केस नसेल तर मोटरच्या वायरचा सोल्डरचा डाग सुटलाय का ते तपासा. शेपूट थरथरत असेल तर के110 मध्ये फेदरिंग शाफ्ट काढून काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर मधे फट दिसते. कट-कट आवाज म्हणजे गिअरचा दात गेला. पात्यांचे स्क्रू आवळून टाकू नका: हेलिकॉप्टर कुशीवर धरून हलका झटका दिला की पातं सावकाश खाली आलं पाहिजे.

बॅटरी 4.20 व्होल्टला पूर्ण भरते. ताकद उतरतेय असं जाणवलं की उतरवा, पार निपचित होईपर्यंत उडवू नका. आठवडाभर उडवणार नसाल तर 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही. चार्जिंग फरशीवर, समोर, गादीवर कधीही नाही.

भारतात घेताना एक कायद्याची बाजू. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. परदेशातून पूर्ण हेलिकॉप्टर मागवलं तर कस्टमवाले त्याला ड्रोन समजून अडवू शकतात, म्हणून यंत्र देशातल्या विक्रेत्याकडून घ्या आणि पाती-गिअर हवं तिथून. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो वर्गात येतं, त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. व्ही911एस आणि के110 त्याच्या कितीतरी आत आहेत. विमानतळाजवळ राहत असाल तर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल पट्टा (परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेला भाग) बघून घ्या. मुंबई पोलीसही वेळोवेळी आदेश काढून ड्रोनबरोबर रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांवर बंदी घालतात, आणि तेव्हा शिवाजी पार्कावर ‘साहेब, हे खेळणं आहे’ हे उत्तर चालत नाही.