मधूनच अडणारे ऑटोमॅटिक गिअर आणि उद्यमनगरातील गॅरेज : पाचपैकी चार तारे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दुखणे निघाले की कोल्हापुरात बहुतेक जण पुण्याचा रस्ता दाखवतात. शिवाजी उद्यमनगरातील या गॅरेजमुळे आमची ती फेरी वाचली. इथल्या मिस्त्रींचा हात चांगला आहे, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दोष नेमका सापडेपर्यंत ते गिअरबॉक्सला पाना लावत नाहीत. चार तारे त्यासाठीच आहेत.

गाडी २००८ सालची, चार गिअरची जपानी ऑटोमॅटिक सेडान. तक्रार अशी की, आठवड्यातून एखाद्या वेळी, विशेषतः पावसाळी सकाळी, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसे. कावळा नाक्याच्या सिग्नलवरून निघताना ती जड ओढायची, डॅशबोर्डवरचा ‘डी’ क्षणभर विझायचा आणि कधी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना जोराचा धक्का बसायचा. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सगळे सुरळीत होई, त्यामुळे कोणाला दाखवायला न्यावी तेव्हा गाडी अगदी शहाण्यासारखी चालत असे. आधी दाखवलेल्या एका वर्कशॉपने पाच मिनिटांची फेरी मारून क्लच प्लेट गेल्याचे सांगितले आणि पूर्ण गिअरबॉक्स खोलून बांधण्यासाठी ८५,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. त्या गाडीची आजची बाजारातली किंमत पाहता हा आकडा ऐकूनच ती विकायचा विचार घरात सुरू झाला होता.

या गॅरेजमध्ये सुरुवात तेलापासून झाली. मिस्त्रींनी गाडी गरम करून सपाट जागी उभी केली, ब्रेक दाबून लिव्हर सर्व जागांवरून एकदा फिरवला, मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढून पातळी पाहिली. ही पद्धत प्रत्येक गाडीला चालत नाही. होंडाच्या गाड्यांत पातळी इंजिन बंद केल्यावर लगेच पाहायची असते, तर टोयोटाच्या डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना, आणि हा फरक ठाऊक नसलेला माणूस तेल कमी समजून जास्त भरून ठेवतो. जास्त तेलाला फेस येतो, फेसाळ तेलाने दाब कमी होतो आणि गिअर घसरू लागतात. डिपस्टिकवरचा एक थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टाकला. डाग फिकट तांबूस होऊन पसरला, मध्ये काळा गाळ राहिला नाही आणि जळका वासही आला नाही. क्लच प्लेट खरोखर जळल्या असत्या तर तेलाने चुगली केली असती, असे त्यांचे म्हणणे, आणि ते पटण्याजोगे आहे. शिवाय, झिजलेला क्लच घसरायला लागला की घसरतच राहतो. इंजिन बंद करून सुरू केल्याने तो बरा होत नाही. पुन्हा सुरू केल्यावर बरी होणारी तक्रार बहुधा विजेच्या बाजूची असते, कारण गाडीतल्या संगणकाला एखादा संकेत चुकीचा मिळाला की तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकाच गिअरवर अडकवून ठेवतो आणि इग्निशन बंद होईपर्यंत तसाच राहतो.

“खोलायचं काम शेवटचं साहेब. आधी ती कुठं अडते ते बघूया. गाडी रात्रभर हितंच राहू दे,” असे म्हणून त्यांनी गाडी ठेवून घेतली. सकाळी थंड आणि दमट हवेत, गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर जोडून, लिव्हर ‘डी’वर असताना हलकेच हलवत त्यांनी थेट आकडे पाहिले, तेव्हा संगणकाला ‘डी’ (ड्राइव्ह) आणि ‘एन’ (न्यूट्रल) असे दोन्ही संकेत एकाच वेळी मिळताना दिसले. कोड पी ०७०५, म्हणजे लिव्हर कुठल्या जागेवर आहे हे सांगणाऱ्या स्विचच्या सर्किटचा दोष. हा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला बसलेला असतो, रस्त्याचे पाणी आणि वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा दोन्ही त्याच्यावर बसतात, आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस तर सांगायलाच नको. बाहेर काढलेला स्विच त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला होता आणि एका पट्टीची कड काळी पडली होती. मल्टिमीटरच्या टोकांनी तिथे स्पर्श केला की आकडा स्थिर राहीना.

साफ करून तोच स्विच परत बसवता आला असता, पण तो थर पुन्हा धरतो, म्हणून त्यांनी नवा मागवला. बसवताना लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून स्विचवरची खूण खाचेशी नेमकी जुळवली, बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या अंगाला येणारी अर्थिंगची तार घासून घट्ट केली आणि मग पन्हाळ्याच्या वाटेवर चाचणी घेतली. वाघबीळपासून चढ लागल्यावर पेडल दाबताच गिअर खाली येतो का आणि उतरताना लिव्हर दोनवर ठेवल्यावर इंजिनाचा ब्रेक लागतो का, हे दोन्ही स्कॅनर चालू ठेवून पाहिले. सकाळी थंड असताना चौथा गिअर उशिरा पडतो ही माझी दुसरी तक्रार होती, ती त्यांनी दोष म्हणून मान्यच केली नाही. इंजिनाचे पाणी पुरेसे तापेपर्यंत संगणक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हाच चौथा गिअर, मुद्दाम रोखून धरतो, असे सांगून त्यांनी पाण्याच्या तापमानाचा आकडा स्क्रीनवर दाखवला. तेल जुने असल्याने बदलून घेतले, मात्र मशीन लावून सगळे एकदम ढकलून काढण्याऐवजी थोडे काढणे, थोडे भरणे असे टप्प्याने. टॉर्क कन्व्हर्टरमधले, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले, तेल एका वेळी निघत नाही, तेव्हा पहिल्या खेपेत निम्मेही बदलत नाही, हे आधीच सांगितलेले बरे असते आणि त्यांनी ते सांगितले.

बिल ११,४०० रुपये झाले. त्यात स्विच, तेल आणि मजुरी होती, तपासणीचे ८०० रुपये वेगळे लावले होते. काहींना तपासणीचे पैसे खटकतात. मला उलट तेच रास्त वाटतात, कारण निदानाचे पैसे न घेणारा माणूस ते कुठल्यातरी सुट्या भागाच्या किमतीत वसूल करतोच.

आता पाचव्या ताऱ्याविषयी. स्विच यायला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला आणि त्या काळात फोन आपणच करायचा, तिकडून निरोप येत नाही. बिल सुरुवातीला कच्च्या कागदावर होते, पक्के मागितल्यावर मिळाले. बसायला जागा म्हणजे दाराशी ठेवलेले दोन स्टूल, आणि शेजारच्या लेथचा आवाज असा की बोलायचे तर रस्त्यावर यावे लागते. ज्यांना सकाळी गाडी देऊन संध्याकाळी नेण्याची घाई आहे त्यांनी इथे जाऊ नये, कारण मधूनच उगवणारा दोष मिस्त्रींच्या सवडीने नव्हे तर स्वतःच्या सवडीने दिसतो आणि तोवर गाडी तिथेच राहते.

जाणाऱ्यांनी एक करावे. गाडी अडेल तेव्हा हवा कशी होती, इंजिन गार होते की तापलेले, लिव्हर कुठे होता आणि डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला किंवा विझला, हे लगेच लिहून ठेवावे. अडलेल्या अवस्थेत शक्य असेल तर इंजिन बंद न करता तशीच गॅरेजपर्यंत आणावी. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या, गिअरबॉक्सची कामे मात्र ते घेत नाहीत, तसे फोनवरच स्पष्ट सांगतात.