नवी पेठेतली अभ्यासिका : अनुवादकासाठी कशी आहे?

घरी डायनिंग टेबलवर अनुवादाचं काम होईना, म्हणून पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिना बाराशे रुपये भरून जागा घेतली. आजूबाजूला सगळी एमपीएससीवाली पोरं, चाळिशीतला मी एकटाच. 'सर, कुठली पोस्ट?' असं शेजारच्याने गंभीरपणे विचारलंही.

एकाग्रतेला पैकीच्या पैकी. चपला बाहेर, फोन सायलेंट, आणि दीडशे पानं वाचून मान मोडेपर्यंत न उठणारे शेजारी. त्यांच्यासमोर रील्स बघायची लाजच वाटते.

टेबल मात्र जेमतेम अडीच फुटी, तिन्ही बाजूंनी प्लायच्या फळ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला की लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागतो. ट्यूबलाइट नेमकी पाठीमागे, त्यामुळे कागदावर आपलीच सावली. मी चिमट्याचा एलईडी दिवा आणून डावीकडे लावला, ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला सावलीचा त्रास नाही. खुर्ची प्लास्टिकची, उशी घरून न्या.

गद्य इथे झरझर होतं. कवितेचं तसं नाही. ओळ पुटपुटून पाहायची तर चार माना वळतात. मग मी जिन्यात जातो, नाहीतर खाली अमृततुल्यात चहाला. तिथे मात्र तासभर गेलाच म्हणून समजा.

लॉकरचे शंभर वेगळे, ते द्या. कोश रोज कोण वाहणार? जागा खिडकीजवळची मागा. पूर्वपरीक्षा जवळ आली की ती मिळायची नाही.