एमएस: आठवड्याची सुई की दिवसाच्या दोन कॅप्सूल?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते आणि मधूनमधून अटॅक येतात. एमआरआय झाला, स्टेरॉइडची सलाइनं झाली, अटॅक ओसरला. आता पुढचे अटॅक टाळायला कायमचं औषध कोणतं, इथे बहुतेकांची गाडी अडते. उत्तर युरोपात लाखात 100 हून जास्त लोकांना एमएस असतो. मंगळूरच्या पाहणीत हे प्रमाण लाखात 8 च्या आसपास निघालं होतं. म्हणजे बडोद्यात अख्खा दांडिया बाजार पालथा घातला तरी अनुभवाचं सांगणारं कोणी भेटेलच असं नाही. मी दोन्ही औषधं घेतली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आठवड्याची सुई म्हणजे इंटरफेरॉन. ते जुनं, एमएससाठी 1993 पासून वापरातलं. त्याचे गुणदोष डॉक्टरांना तोंडपाठ असतात आणि तो भरवसा मोठाच. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बायकांना आजही बरेच डॉक्टर सुईच सुचवतात, तेव्हा त्यांनी माझं फारसं मनावर घेऊ नये.

मला नडला तो ताप. शनिवारी रात्री जेवून मांडीत सुई, सोबत पॅरासिटामॉल. तरी पहाटे हुडहुडी भरायचीच. बऱ्याच जणांचा हा त्रास काही महिन्यांत सरतो. माझा कमी झाला, गेला नाही. नुसता ताप असता तर सोसलाही असता. पण मायलिनचं आवरण झिजलेल्या नसांना उष्णता मानवत नाही. अंग जरासं तापलं तरी संदेश अडखळतात आणि जुनी लक्षणं डोकं वर काढतात. पहिल्या अटॅकमध्ये माझा उजवा डोळा अधू झाला होता. रविवारी सकाळी तोच पुन्हा धूसर: पेपरातले मथळे दिसायचे, खालची बातमी नाही. ताप उतरला की दुपारपर्यंत सगळं स्वच्छ. हा नवा अटॅक नव्हे, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरी दर रविवारी मनाला तेच पटवत बसायचं, तेही बडोद्याच्या मे महिन्यात! त्यात औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. पुण्याला लग्नाला निघालो तरी बर्फाचा डबा बरोबर.

दिवसाच्या दोन कॅप्सूल म्हणजे डायमिथाइल फ्युमरेट. तेही साधं नाही. पहिला आठवडा 120 मिलिग्रॅम, मग 240, दिवसातून दोनदा. सुरुवातीला चेहरा आणि कान लालबुंद होतात, खाज सुटते, पोट बिघडतं. नुसत्या चहावर घेतली की हमखास पस्तावा. सेव-उसळीवर तर नकोच. तुपाची पोळी आणि वाटीभर दही मला मानवलं. रक्त मात्र ठरल्या वेळी तपासायचं. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली बराच काळ राहिले तर औषध थांबवायची वेळ येते, कारण मेंदूच्या एका गंभीर संसर्गाचा धोका वाढतो, विरळा असला तरी.

चाचण्यांत इंटरफेरॉनने अटॅक सुमारे एक तृतीयांशाने घटले, फ्युमरेटने जवळपास निम्म्याने. चाचण्या वेगवेगळ्या, म्हणून या आकड्यांवर मी फार भर देत नाही. आजार जोरात असेल तर दर सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायच्या रिटुक्सिमॅब या औषधाचा विषय डॉक्टर काढतीलच. ते मी घेतलेलं नाही.

दुपारची कॅप्सूल विसरणारा माणूस असाल तर सुई बरी, हे मान्य. माझ्यापुरतं म्हणाल तर कान लाल झालेले चालतात, रविवारचा पेपर वाचता आला पाहिजे.